मोटारीची बॅटरी आणि आपण



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी गावी गेलो होतो. रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या आजींच्या छातीत कळ आली. नातवाने नवी मोटार घेतलेली. आजींना मागच्या बैठकीवर निजवले, नातवाने बटण दाबले, आणि आतून नुसता ‘टक्‌’ असा आवाज आला. समोरचे दिवे लुकलुकले नि विझले. “ढकला रे!” कोणीतरी ओरडले. आठ जणांनी चिखलातून ती मोटार थेट वेशीपर्यंत ढकलली. पण ती काही सुरू झाली नाही. अखेर खालच्या आळीतली एक जुनी जीप मिळाली. आजी वाचल्या, पण पाऊण तास फुकट गेला. दुसऱ्या दिवशी नातू मला म्हणाला, “सर, पंधरा दिवस ती सकाळी कण्हतच सुरू होत होती. मीच लक्ष दिलं नाही.”

तेव्हा बॅटरी कण्हते म्हणजे काय, हे आज पाहू या.

बॅटरीत वीज भरून ठेवलेली असते, असे आपण म्हणतो. खरे पाहता तिथे साठा असतो तो रासायनिक शक्तीचा. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे पातळ गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारा विद्युत्‌घट तयार केला. आपल्या मोटारीतली पेटी त्याचीच नात म्हणा ना! तिच्यात सहा घट असतात; प्रत्येकाचा दाब सुमारे दोन व्होल्ट, म्हणून एकूण बारा. वीज खर्च होते तेव्हा पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचा थर चढतो. भरताना तो उतरतो. मात्र बॅटरी बरेच दिवस अर्धवट रिकामी राहिली, की त्या थराचे टणक खडे बनतात. मग किती भरा, पूर्वीचे बळ येत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! उष्णतेने पट्ट्या लवकर झिजतात.

आता प्रकार पाहू. जुना प्रकार पाण्याचा. त्यात अधूनमधून शुद्ध पाणी घालावे लागते. विहिरीचे पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार पट्ट्यांना बाधतात. दुसरा, झाकणे न उघडणारा, बिनदेखभालीचा. तिसऱ्यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते, त्याला ‘ए.जी.एम.’ म्हणतात. चौकात थांबल्यावर ज्यांचे इंजिन आपोआप बंद होते नि पुन्हा सुरू होते, अशा मोटारींना हा प्रकार किंवा पाण्याच्या बॅटरीची सुधारलेली, दणकट जात लागते. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी बसवली, तर ती लवकरच मान टाकते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत लिथियमची मोठी बॅटरी असते खरी. पण बहुतेक मोटारींत तिच्या जोडीला बारा व्होल्टची धाकटीही असते. ही धाकटी रुसली, तर थोरली भरलेली असूनही मोटार जागची हलत नाही!

मग ती जुनी जीप धक्क्याने सुरू होते आणि नवी मोटार का होत नाही? जुन्या डिझेल इंजिनाला पंप नि फिरणारी चाके मिळाली, की काम भागे. नव्या मोटारीत इंधन किती सोडायचे, केव्हा सोडायचे, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यालाच वीज मिळाली नाही, तर चाके फिरून उपयोग काय? बॅटरी अगदीच अशक्त झाली, की हे संगणक गोंधळतात. ब्रेकचा, स्टिअरिंगचा असे भलतेच इशारादिवे लागतात, आणि माणूस नसता दोष शोधत बसतो.

म्हणून खुणा ओळखा. इंजिन जड फिरणे, सुरू करताना दिवे मंदावणे, जोडांवर पांढरट-हिरवी भुकटी जमणे, पेटी फुगणे. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या मोटारीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवील, तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक मोटारींत आकडा साडेतेरा ते साडेचौदा हवा. तो वाढतच नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी वीज बनवणारा अल्टरनेटर नि त्याचा पट्टा तपासून घ्या.

दोन सूचना. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तेव्हा जवळ विडी-काडी नको. आणि जोड सोडवताना ऋण टोक आधी, बसवताना शेवटी.

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या अंगणात एखादी मोटार उभी असेल, तर आठवडाभर रोज सकाळी मुलांकडून हा आकडा मोजवून फळ्यावर लिहवा. विद्युत्‌दाब म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही. हात मात्र फक्त मीटरच्या तारांना, आम्लाला नव्हे.

आणि जुनी बॅटरी? ती उकिरड्यावर टाकू नका, फोडून शिसे काढू नका. शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फार मोठा अपाय होतो. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तेव्हा ती दुकानदाराकडेच परत द्या.

त्या नातवाने आता मीटर घेतला आहे. दर रविवारी आजी ओट्यावरून विचारतात, “काय रे, किती भरलं?” आपल्या घरीही हा प्रश्न कोणीतरी विचारावा, एवढेच माझे मागणे.