पाण्याचा वास

(शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठीचे व्याकरण शिकविले. त्यामुळे मी भाषेवर किंवा संतवाङ्मयावर बोलेन, अशी चालकांची अपेक्षा असणार. त्यांची क्षमा मागून मी आज नळाच्या पाण्यावर बोलणार आहे. जंतू मारण्यासाठी पाण्यात घातलेले क्लोरीन घरी आल्यावर काढून टाकावे की नाही, काढायचे तर कोठे आणि कसे, एवढाच माझा विषय. मराठीच्या माणसाला हा अधिकार कोणी दिला, असे आपण विचाराल. तो मला माझ्या एका चुकीने दिला. ती चूक मी आज आपणांसमोर सांगणार आहे.

माझे बालपण सुप्यात गेले. आजच्या मुलांना सुपा म्हणजे धरण एवढेच ठाऊक. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते, ते तालुक्याचे ठिकाण होते आणि तालुकाही त्याच नावाने ओळखला जाई. गणेशगुडीचे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पूर्ण झाले. गाव पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. आमच्या शाळेची विहीरही त्या जलाशयाच्या तळाशी आहे. ज्या विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून आम्ही नाके मुरडली, ती आता एवढ्या पाण्याखाली आहे, याची मला कधीकधी मौज वाटते.

तो वास ब्लीचिंग पावडरीचा. पावसाळ्याच्या तोंडावर गुरुजी स्वतः बालदीत पावडर कालवीत. चुन्याचा गाळ खाली बसू देत आणि वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत ओतीत. मग अर्धा तास कोणालाही पोहरा सोडू देत नसत. आम्ही मुले त्या पाण्याला ‘औषधाचे पाणी’ म्हणत असू, आणि संधी मिळताच नदीवर जाऊन ओंजळीने गोड पाणी पीत असू. एका पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा हगवणीने दोन दिवसांत गेला. तोही नदीचेच पाणी पीत असे. गुरुजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी फळ्यावर ‘निवळ’ आणि ‘निर्मळ’ हे दोन शब्द लिहिले आणि फरक विचारला. कोणालाच सांगता आला नाही.

आपल्या भाषेत पाणी ‘निवळते’, ‘गाळले’ जाते, ‘शिळे’ होते. निवळीचे बी उगाळून गढूळ पाणी निवळण्याची रीत इतकी जुनी की सुश्रुतसंहितेत तिचा उल्लेख आहे. पाणी फडक्याने गाळण्याच्या रीतीनेही मोठे काम केले आहे. नारू हा रोग पाण्यातल्या ज्या सूक्ष्म किड्यांतून पसरे, ते दाट फडक्यात अडकतात. गाळणी, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि सतत पाहणी, यांच्या बळावर भारत २००० साली नारूमुक्त ठरला. परंतु पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू फडक्यात अडकत नाही. तो निवळ, थंड, गोड पाण्यातही असू शकतो. जिभेला आणि डोळ्यांना त्याची खबर लागत नाही. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

क्लोरीनची कथा फार जुनी नाही. इंग्लंडात लिंकन शहरात १९०५ साली विषमज्वराच्या साथीनंतर पाण्यात ते नियमित घालू लागले. १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटीला पाणी पुरविणाऱ्या कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी आधी कोणाची परवानगी न घेता ते सुरू केले. ‘लोकांच्या पाण्यात विष घातले’ असा गलबला झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अखेर डॉक्टरांची बाजू मान्य केली. या गृहस्थाचे वडील युद्धात जडलेल्या आमांशाने वर्षानुवर्षे झिजून वारले होते, हे वाचल्यावर त्या धाडसाचा उगम मला समजला.

आपल्याकडे नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधनसंस्था निघाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. तिने घरगुती विहिरींसाठी काढलेली दोन मडक्यांची युक्ती मला फार आवडते. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओलवून आतल्या मडक्यात भरायची, ते दुसऱ्या मडक्यात ठेवायचे, दोहोंना एकेक बारीक भोक, आणि ही जोडी पाण्याच्या पातळीखाली मीटरभर दोरीने सोडून द्यायची. साडेचार हजार लिटरच्या लहान विहिरीला ती दोनतीन आठवडे पुरते. कुंभाराच्या मडक्यात एवढे विज्ञान मावते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

निवृत्तीनंतर मी ज्या शहरात राहतो, तेथे नळाला पाणी रोज येत नाही. ते गच्चीवरच्या टाकीत साठवावे लागते. पाण्याला क्लोरीनचा वास येई. चहाला येई, वरणाला येई, मला तर तो रामरक्षा म्हणतानाही येई. एका विक्रेत्याने सुचविले की, घरात येणाऱ्या मुख्य नळालाच कोळशाचा फिल्टर बसवा, म्हणजे साऱ्या घरात वासाचे नाव उरणार नाही. मी बसविला. वास खरोखर गेला. पाणी सुप्याच्या नदीसारखे गोड लागू लागले. मी शेजाऱ्यांना बोलावून पेला पेला पाजला.

पुढल्या पावसाळ्यात माझी पत्नी विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणाला खिळली. पाण्यानेच झाला, असे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही, आणि मीही सांगत नाही. परंतु माझा एक जुना विद्यार्थी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. तो समाचाराला आला आणि खिशातून एक लहानशी बाटली काढून गच्चीवर गेला. बाटलीत ऑर्थोटोलिडिन नावाचा द्राव होता. पाण्यात क्लोरीन असेल तर त्याचे चार थेंब पाण्याला पिवळे करतात. फिल्टरच्या अलीकडचे पाणी पिवळे झाले. टाकीतले पाणी जसेच्या तसे राहिले. टाकीच्या झाकणाला चीर होती आणि कडेला पाखरांची विष्ठा होती. “सर,” तो म्हणाला, “राखणदाराला दारातूनच परत पाठवून तुम्ही घर उघडे टाकलेत.” माझ्याच विद्यार्थ्याने मला अलंकार शिकविला, आणि मला मान खाली घालावी लागली.

क्लोरीन जलशुद्धीकरण केंद्रातले काम आटोपल्यावर संपून जात नाही. त्याचा थोडा अंश मुद्दाम पाण्यात राखला जातो, म्हणजे फुटक्या वाहिनीत किंवा उघड्या टाकीत नवा जंतू शिरला तर त्याला अटकाव व्हावा. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी हा उरलेला अंश लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि जास्तीत जास्त १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्यदृष्ट्या मर्यादा ५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे वास येतो त्याअर्थी पाणी विषारी, असे होत नाही. उलट, उग्र वास पुष्कळदा क्लोरीन कमी पडून त्याची मळातल्या अमोनियाशी गाठ पडल्यामुळे येतो.

तथापि क्लोरीनविषयीची शंका सगळीच खुळी नव्हे. रॉटरडॅमच्या पाणीखात्यातील रसायनज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखविले की, पाण्यातील कुजक्या पानांच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. दीर्घकाळ जास्त प्रमाणात ते पोटात जाणे बरे नाही. आपल्या जंगलातल्या ओढ्यांना पालापाचोळ्याची काय वाण? त्यावरचा उपाय म्हणजे पाणी आधी नीट निवळून, वाळूतून गाळून मगच क्लोरीन घालणे. गढूळ पाण्यात कितीही पावडर ओता, गाळ ती खाऊन टाकतो आणि जंतू शाबूत राहतो. या पदार्थांच्या भयाने निर्जंतुकीकरणातच कसूर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही स्पष्ट म्हणणे आहे.

तर क्लोरीन काढायचेच असेल तर कसे? साधी युक्ती म्हणजे पिण्याचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात जाळीदार फडके बांधून रात्रभर ठेवणे. क्लोरीन उडून जाते. उकळले तर लवकर जाते आणि जंतूही मरतात, मात्र नंतर ते झाकलेच पाहिजे आणि त्याच दिवशी संपविले पाहिजे. दुसरा मार्ग कोळशाचा. हा आपल्या चुलीतला कोळसा नव्हे. नारळाची करवंटी कमी हवेत जाळून, मग अतितप्त वाफेने तिला असंख्य छिद्रे पाडतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या अंतर्भागाचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. येथे ‘गाळणे’ हा आपला शब्द फसवा आहे. क्लोरीन छिद्रात अडकत नाही. कोळशाशी त्याची क्रिया होऊन त्याचे निरुपद्रवी क्लोराइड होते, आणि कोळसा हळूहळू खर्ची पडतो. तो वेळेवर बदलला नाही तर त्याच्या ओलसर छिद्रांत जंतूच बिऱ्हाड करतात. कोळसा जंतू मारीत नाही. म्हणून तो पिण्याच्या शेवटच्या नळालाच हवा, साठवणीच्या अलीकडे कधीही नको. त्यापुढे अतिनील दिवा असल्यास उत्तम.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक पुस्ती. तेथील काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात. सॅन फ्रान्सिस्कोने ते २००४ साली सुरू केले. ते रात्रभर ठेवून उडत नाही, आणि कोळशालाही त्याच्याशी अधिक वेळ झटावे लागते. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना आणि रक्तशुद्धीच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते, कारण तेथे चूक जिवावर बेतते. आणि आर. ओ. या आजच्या आवडत्या यंत्राविषयी एवढेच की, त्याच्या पडद्याला क्लोरीनच बाधते, म्हणून त्याच्यापुढेही कोळसाच उभा करतात. क्षार मुळातच कमी असलेल्या डोंगरी पाण्याला ते यंत्र लावून निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडणे मला पटत नाही.

२०१९ पासून जल जीवन योजनेचे नळ आपल्या तालुक्यातही येऊ लागले. काल मी दोन वाड्यांवर जाऊन आलो. एका घरातल्या आजी म्हणाल्या, “नळाचे पाणी गुरांना, प्यायला आपला झराच बरा. त्याला वास नाही.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. साठ वर्षांपूर्वी मीही तेच म्हणत होतो. त्यांच्या सुनेला मात्र सांगितले की, नळाचे पाणी संध्याकाळी भरा, फडके बांधून ठेवा, सकाळी वास येतो का पाहा, आणि वाटीदांड्याने काढा, हात बुडवू नका. “बघू या,” असे ती म्हणाली.

माझ्या विद्यार्थ्याची ती बाटली मी आज बरोबर आणली आहे. आता परदेशांत हिच्याऐवजी गुलाबी रंग देणारी कमी घातक भुकटी वापरतात, आणि हा द्राव हाताला लागू देऊ नये, तपासलेले पाणी तोंडी लावू नये, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. सकाळी मी शाळेच्या टाकीचे पाणी पाहिले, तेव्हा रंग आला नाही. मुख्याध्यापकांना सांगताच त्यांनी लगेच टाकी घासून घेतली आणि बाराच्या सुमारास पावडरीची निवळी घातली. अर्धा तास केव्हाच उलटून गेला आहे. आभारप्रदर्शन होईपर्यंत सातवीच्या दोघा मुलांनी टाकीच्या नळाचे आणि वर्गाबाहेरच्या माठाचे असे दोन पेले भरून आणावेत. बाटली येथे टेबलावर आहे.