थंडीतला लाल दिवा आणि लॉगबुकाचे पान

(आमला येथील कार्यकर्ता शिबिरात रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



सकाळपासून पेन्शन, खाजगीकरण, रिक्त जागा या विषयांवर चांगली भाषणे झाली. जेवणानंतर आमच्या वाट्याला विषय आला आहे तो ट्रकच्या डॅशबोर्डवरच्या ब्रेकच्या लाल दिव्याचा. काही साथी हसले, ते आम्ही पाहिले. पण हिवाळा तोंडावर आहे. आपली गँग रात्री ट्रकनेच साइटवर जाते, अपघाताच्या जागी सामान ट्रकनेच पोचते आणि स्टेशनवर उतरलेली टपालाची पोती मेल मोटरनेच पुढे जातात. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. आम्ही मेकॅनिक नाही. जे सांगणार ते ड्रायव्हर आणि वर्कशॉपमधल्या साथींकडून शिकलेले आणि थोडे अंगावर आलेले आहे.

अंगावर आलेले आधी सांगतो.

२००९ सालचा जानेवारी. पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला. थंडीत रूळ आकसतो आणि वेल्डवर किंवा जोडावर तडकतो, हे गँगमधल्या माणसाला सांगायला नको. म्हणून तर हिवाळ्यात रात्रीची गस्त असते. अशाच एका रात्री रूळ तडकल्याचा निरोप आला. खात्याचा जुना ट्रक निघाला. मागे अकरा माणसे, जोडीला जॅक, फिशप्लेटा, चाव्या. आम्ही पुढे ड्रायव्हरच्या शेजारी.

त्या ट्रकचा ब्रेकचा दिवा चार दिवसांपासून पहाटे लागत होता आणि दहाच्या सुमारास, ऊन वर आले की, विझत होता. ड्रायव्हरने डेपोत तोंडी सांगितले होते. उत्तर मिळाले, "हा थंडीचा दिवा आहे, उन्हाने आपोआप जातो." त्या रात्री निघताना दिवा पुन्हा लागला. तेव्हा डेपोतल्या एकाने सरळ बल्ब काढला आणि म्हणाला, "आता डोळ्यांना त्रास नाही." सगळे हसले. साथींनो, आम्हीही हसलो. युनियनच्या शाखेचे आम्ही पदाधिकारी, आमच्या डोळ्यांदेखत बल्ब निघाला आणि आम्ही शब्द काढला नाही. रूळ तडकला होता, गाड्या अडल्या होत्या, आम्हालाही घाईच होती.

बैतूलच्या पुढच्या घाटात उतारावर पॅडल तळाला गेले. पुढच्या चाकांनी थोडा ब्रेक घेतला, मागच्या चाकांनी काहीच नाही. ड्रायव्हरने गियर खाली आणले आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. दोघे जखमी झाले. एका गँगमनच्या मांडीवर जॅक पडून हाड मोडले. तो साथी नंतर कधी ट्रॅकवर उभा राहू शकला नाही, त्याला हलके काम घ्यावे लागले.

चौकशीत निघाले ते असे. मागच्या एका चाकाच्या सिलिंडरचे रबर कडक झाले होते. थंडीत रबर आणखी आखडते आणि ऑइल झिरपते. चाक गरम झाले की तेच रबर फुलून गळती थांबते. डबीतले ऑइल असे रोज थोडे उतरत होते. शिवाय थंडीने ऑइलही आकसते. म्हणजे पातळी खुणेच्या जवळ आली की पहाटे डबीतला तरंगता गोळा खाली बसतो आणि दिवा लागतो. दुपारी ऑइल थोडे फुलते, गोळा वर येतो, दिवा विझतो. दिवा खोटे बोलत नव्हता. गळती चार दिवस आधी सांगत होता.

आणि निकाल काय लागला? चार्जशीट ड्रायव्हरला. वेतनवाढ ड्रायव्हरची थांबली. बल्ब काढणारा कोण, हे कागदावर कुठेच नव्हते. ड्रायव्हरने चार दिवस दिलेली तक्रारही कागदावर नव्हती. आम्ही साक्ष दिली, पण लॉगबुकात त्या चार दिवसांच्या रकान्यात ड्रायव्हरच्या सहीने एकच शब्द होता: "ठीक."

आता कामाचे बोलू.

रेल्वेत ब्रेक पॉवर सर्टिफिकेट असते. टपालाच्या साथींसाठी सांगतो: गाडीच्या ब्रेकची तपासणी होऊन त्या कागदावर सह्या झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. ब्रेक पाइपात ५ किलो आणि फीड पाइपात ६ किलो दाब आहे की नाही हे पाहूनच लोको पायलट आणि गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पुढे जातात. ट्रकला असे सर्टिफिकेट नाही. तिथे ते काम लाल दिवा आणि लॉगबुक या दोघांनी मिळून करायचे असते. म्हणून दिवा लागला की क्रमाने पाहा.

पहिले, दिवा जिवंत आहे का? चावी फिरवली की, इंजिन सुरू होण्याआधी, दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी काढला आहे. न लागणारा दिवा हाही बिघाडच समजावा.

दुसरे, हँडब्रेक. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक आणि ऑइल यांचा दिवा एकच असतो. लिव्हर पूर्ण खाली गेली आहे का पाहा. केबलच्या नळीत पाणी शिरून ती थंडीत अडकते, लिव्हर खाली दिसते पण ब्रेक पूर्ण सुटत नाही. थोडे अंतर जाऊन चाकाजवळ हात न्या. एकच चाक तापले असेल तर ब्रेक धरून बसला आहे.

तिसरे, ऑइल. गाडी सपाट जागी उभी करून डबीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी पाहा. कमी असेल तर नुसते भरून मोकळे होऊ नका. ऑइल कमी होण्याची कारणे मुख्यतः दोन: एक तर लायनर झिजले आहेत, नाही तर कुठेतरी गळते आहे. चारही चाकांची आतली बाजू आणि मास्टर सिलिंडरच्या खालची जागा टॉर्चने पाहा. मग इंजिन सुरू ठेवून पॅडल मिनिटभर दाबून धरा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेले, तर गाडी हलवायची नाही. तिथे चर्चा नको.

ऑइल भरायचेच तर झाकणावर लिहिलेल्या नंबरचे, आणि बंद डब्यातले. उघड्या डब्यातले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. इंजिन ऑइलचा तर थेंबही त्यात जाता कामा नये. त्याने सगळी रबरे फुगून खराब होतात.

चौथे, वायर. दवाने कनेक्टर ओला होतो, गंजतो आणि दिवा उगाच लागतो, हे खरे आहे. थंडीत बॅटरी कमजोर झाली की नव्या गाड्यांत एबीएसचा पिवळा दिवाही लागतो, हेही खरे आहे. पण वायरचा संशय सर्वांत शेवटी घ्यायचा. आपल्याकडे उलटे होते. सुरुवातच "वायरिंगचे काहीतरी असेल" इथून होते, कारण त्यात कोणाला काही करावे लागत नाही.

आता मोठ्या ट्रकची, म्हणजे हवेच्या ब्रेकची गोष्ट. इथे लाल दिवा आणि बझर सांगतात की टाकीत दाब कमी आहे. सकाळी इंजिन सुरू केल्यावर दिवा विझेपर्यंत आणि काटा गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर येईपर्यंत थांबायचे. साहेबाची घाई काट्याला कळत नाही.

इथेही "थंडीमुळे हवा उतरते" ही सबब ऐकायला मिळते. तिचा हिशेब करून पाहू. संध्याकाळी टाकी ४० अंश गरम आहे आणि काटा ८ किलोवर आहे. रात्री टाकी शून्य अंशापर्यंत थंड झाली, तरी नुसत्या थंडीने काटा सातच्या किंचित खाली येईल. एका किलोहून थोडा जास्त उतार, एवढाच. सकाळी काटा तीनवर सापडला तर तो दोष थंडीचा नाही, गळतीचा आहे. हा हिशेब शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. कोणी सबब सांगितली तर त्याच्यापुढे मांडा.

थंडीचा खरा शत्रू म्हणजे टाकीतले पाणी. कंप्रेसर हवेबरोबर ओलावा आत ढकलतो, त्याचे पाणी टाकीच्या तळाशी जमते. आमल्यात किंवा नागपुरात ते सहसा गोठत नाही, पण व्हॉल्व्ह गंजवते. आपले जे साथी काश्मीर, हिमाचल, लडाखकडे नेमणुकीवर आहेत, त्यांच्याकडे तेच पाणी पाइपात आणि व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन बसते आणि ब्रेक लागत नाही किंवा लागलेला सुटत नाही. म्हणून टाकीचे पाणी संध्याकाळी, गाडी गरम असतानाच काढायचे. पहाटे ते बाहेर येणार नाही. पाण्याबरोबर तेल येत असेल तर कंप्रेसरची तक्रार लिहा. एअर ड्रायर असेल तर त्याचे कार्ट्रिज मुदतीत बदलून मागा. ड्रायर असला तरी टाकी तपासावीच लागते.

दोन गोष्टी मात्र कधीही करायच्या नाहीत. टाकीखाली किंवा पाइपाखाली बोळा पेटवून शेक द्यायचा नाही. पाइप नायलॉनचे आणि रबराचे असतात, वितळतात, शेजारी डिझेल असते. गाडी आडोशाला घ्या, गरम जागेत ठेवा, थांबा. दुसरी गोष्ट, हवा कमी झाली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून चाके जाम होतात. ते मुद्दामच तसे केलेले आहे. तो बोल्ट फिरवून ब्रेक सोडायचा आणि गाडी हाकायची, हा प्रकार रस्त्यावर सर्रास चालतो. तो बोल्ट बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी आहे. माणसे भरून चालवण्यासाठी नाही.

साथींनो, इतके सगळे पाहून ड्रायव्हर म्हणाला "गाडी काढत नाही", तर पुढे काय? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९० वाचा. धोकादायक बिघाड माहीत असताना गाडी चालवणारा दोषी आहेच. पण ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. "चालवायला लावणारा" हे शब्द लक्षात ठेवा. मात्र बिघाड त्याला माहीत होता, हे सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून लॉगबुकात तारीख, वेळ, किलोमीटर आणि "ब्रेकचा लाल दिवा लागला, अमुक तपासले, अमुक आढळले" एवढे लिहा. "ठीक" हा शब्द खरोखर ठीक असेल तेव्हाच लिहा. पानाची एक प्रत शाखेकडे द्या. आता मोबाइल सर्वांच्या खिशात आहे, फोटो काढायला एक क्षण लागतो.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आता पुष्कळ ठिकाणी गाडी कंत्राटाची आणि ड्रायव्हरही कंत्राटाचा असतो. त्याने "नाही" म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाते. तो आपला सभासद नसेल, पण त्याच्या गाडीत मागे बसलेली माणसे आपली आहेत. म्हणून त्याचे "नाही" आपण म्हणायचे. दिवा लागलेला असेल तर गँगने गाडीत चढू नये, शाखेच्या कार्यकर्त्याने वरिष्ठांना लेखी कळवावे. प्रत्येक शाखेने याच महिन्यात ठराव करून प्रशासनाला द्यावा: ब्रेकच्या बिघाडासाठी गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरवर, तो खात्याचा असो की कंत्राटी, कारवाई होता कामा नये.

त्या २००९ च्या रात्री आम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले होते. युनियनवाला काय म्हणतो, याची तो वाट पाहत होता. आम्ही म्हणालो, "चला." तो शब्द आम्हाला परत घेता येत नाही. तुमच्यावर ती वेळ आली तर तुम्ही "थांबा" म्हणा, एवढेच मागणे मागायला आज आम्ही इथे उभे आहोत.

कामगार एकजूट झिंदाबाद!