परक्या यंत्राची खातेवही

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या काठी, अफझलगंज भागात, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य वास्तू उभी आहे. १८९१ साली आसफिया ग्रंथालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९३६ साली या वास्तूत आली. उर्दू, फारसी, तेलुगू, मराठी, इंग्रजी अशा अनेक भाषांचे ग्रंथ येथे एकाच छपराखाली नांदतात. उर्दू ग्रंथ उजवीकडून उघडतो, मराठी ग्रंथ डावीकडून. हा साधा संकेत ज्याला ठाऊक नाही, तो उर्दू ग्रंथाचे शेवटचे पान पहिले समजून बसेल. यात ग्रंथाचा दोष काहीच नाही. लिहिणाऱ्याने जो संकेत गृहीत धरला, तो वाचणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही, इतकेच.

संगणकाच्या जगात नेमकी हीच अडचण एका महत्त्वाच्या वहीपाशी उभी राहते. ज्या संगणकावर एकाहून अधिक माणसे काम करतात, त्याला कोण आत येऊ शकतो व कोणाचा कोणत्या कागदावर हक्क आहे, याची नोंद ठेवावी लागते. ही त्याची खातेवही होय. यंत्राचा सारा कारभार हाकणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. युनिक्स, लिनक्स, विंडोज, मॅक ही त्यांची परिचित नावे. प्रत्येकीने आपली खातेवही आपल्या रीतीने मांडली आहे. एकीची वही दुसरीपुढे ठेवली, की अक्षरे दिसतात, पण अर्थ हाती लागेलच असे नाही.

युनिक्स प्रणालीचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तिची खातेवही साध्या मजकुराची आहे. प्रत्येक माणसास एक ओळ व प्रत्येक ओळीत सात रकाने, मध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह. नाव, पासवर्डची जागा, माणसाचा क्रमांक, गटाचा क्रमांक, इतर तपशील, कागदपत्रांचे स्थान आणि प्रवेश करताच सुरू होणारी आज्ञावली, असा त्यांचा क्रम. यांतील पाचव्या रकान्यास आजही ‘जेकॉस’ म्हणतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ज्या जुन्या प्रणालीकडे छपाईची कामे पाठविण्यासाठी हा रकाना ठेवला होता, ती प्रणाली वापरातून केव्हाच गेली. रकान्याचे नाव मात्र राहिले. राज्य जाते आणि दफ्तरातला शब्द मागे उरतो, त्यातलाच हा प्रकार.

विंडोजची रीत निराळी. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून तिची खातेवही साध्या मजकुरात नसून यंत्राच्या अंकभाषेत आहे. यंत्र चालू असताना ती बाहेरच्यास उघडू दिली जात नाही, आणि तिच्यातील गुप्त भागाची किल्ली दुसऱ्याच एका फाइलीत असते. एक फाइल नेली व दुसरी विसरली, तर पेटी हाती आणि किल्ली घरी, अशी गत होते. शिवाय आकडे लिहिताना येथे लहान स्थानाचा भाग आधी येतो. अशा रीतीने दोन बाइटांत मांडलेला ५०० हा आकडा उलट क्रमाने वाचला, तर तो ६२,४६५ होतो. उजवीकडून उघडणारा ग्रंथ डावीकडून वाचण्याचाच हा परिणाम. मॅक प्रणालीने तिसराच मार्ग धरला. तिच्यात प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र फाइल असते.

पण खरी फसगत होते ती कालगणनेत. समजा, एका वहीत पासवर्ड बदलल्याच्या दिवसापुढे २०००० हा आकडा लिहिला आहे. लिनक्सच्या रीतीने हे १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस होत. म्हणजे तारीख येते ४ ऑक्टोबर २०२४. युनिक्सच्याच बीएसडी नावाच्या शाखेत असे आकडे सेकंदांत मोजतात. त्या हिशेबाने हाच आकडा १ जानेवारी १९७० रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळचे अकरा वाजून गेल्याची वेळ सांगतो. विंडोज तर १ जानेवारी १६०१ पासून सेकंदाचा एक कोटीवा भाग हे परिमाण धरून मोजते. तिच्या लेखी २०००० म्हणजे त्या दिवसाच्या आरंभीचा सेकंदाचा पाचशेवा भाग. आकडा एक, अर्थ तीन, आणि तिन्ही आपापल्या जागी अचूक.

हैदराबाद संस्थानात राहिलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. तेथील सरकारी कागदांवर फसली साल असे. १३५८ फसली हे साल ऑक्टोबर १९४८ मध्ये सुरू झाले. म्हणून त्याच्या आरंभीच्या महिन्यांत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळविल्याखेरीज इसवी सन येत नाही. ही एक वर्षाची चूक वारसाच्या दाव्यात क्षुल्लक नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाची तीन राज्यांत वाटणी झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. माणसे एका दिवसात आली; परंतु त्यांच्या नोंदी उर्दूत, मोडीत आणि फसली सालातच राहिल्या. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली व कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद तपासले जाऊ लागले, तेव्हा कागद असणे पुरेसे नाही, तो वाचणारा माणूसही लागतो, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

संगणकातही प्रश्न अखेर हक्काचाच आहे. युनिक्सच्या कुळातील यंत्र कागदाच्या मालकाचे नाव लिहून ठेवीत नाही. त्याचा क्रमांक लिहिते. मॅकवर सामान्य माणसांचे क्रमांक ५०१ पासून सुरू होतात, आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर १००० पासून. एका लिनक्स यंत्रावर १००१ हा क्रमांक एका लेखनिकेचा असेल, तर शेजारच्या यंत्रावर तोच हिशेबनिसाचा असू शकेल. पहिल्याची तबकडी दुसऱ्यास जोडली, की लेखनिकेचे सारे कागद बिनबोभाट हिशेबनिसाच्या नावे दिसू लागतात. कोणी चोरी केलेली नसते, कोणी खोटे लिहिलेले नसते. क्रमांक आला आणि क्रमांकाची वही मागे राहिली, एवढ्यानेच मालकी पालटते.

पासवर्डाची गोष्ट याहून वेगळी, आणि ती तशी असणेच इष्ट. पासवर्ड मूळ रूपात लिहून ठेवू नये, तो एका गणिती प्रक्रियेने असा दळावा की पिठावरून पुन्हा दाणा ओळखता येऊ नये, हे तत्त्व आहे. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी वहीत तो सारखा दिसू नये, म्हणून दळण्यापूर्वी त्यात ४,०९६ प्रकारांपैकी एक चिमूट मिसळण्याची युक्तीही त्यांनी सांगितली. प्रत्येक प्रणालीचे जाते निराळे असल्यामुळे एकीचे पीठ दुसरीला बहुधा चालत नाही. स्थलांतराच्या वेळी पुष्कळदा नवा पासवर्ड घ्यावा लागतो तो यामुळे. दुसऱ्याची खातेवही वाचण्याचा अधिकार ज्याच्याकडे सोपविला आहे त्यानेच ती उघडावी, आणि त्यानेही गुपिताच्या मागे लागू नये, ही मर्यादा येथे यंत्रानेच घालून दिली आहे.

मग उपाय कोणता? पहिला उपाय असा की वहीला स्वतः हात न लावता कारकुनाला विचारावे. अमुक क्रमांक कोणाचा, असा प्रश्न प्रणालीला ठराविक शब्दांत विचारण्याची सोय प्रमाणित झालेली आहे. वही कशीही मांडलेली असो, उत्तर एकाच रूपात मिळते. दुसरा उपाय सामाईक निर्देशिकेचा. मिशिगन विद्यापीठात १९९० नंतरच्या काळात एलडॅप ही पद्धत घडली. तीत अनेक यंत्रे एकाच मध्यवर्ती वहीला प्रश्न विचारतात. तिसरा उपाय दुभाषाचा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास आरंभिलेली सांबा ही आज्ञावली विंडोज व युनिक्स यांच्यामध्ये उभी राहते आणि एकीचे क्रमांक दुसरीच्या क्रमांकांशी जुळविणारे कोष्टक सांभाळते. फसली सालाशेजारी इसवी सन लिहून ठेवणाऱ्या जाणत्या कारकुनाचेच हे काम.

परंतु जुने यंत्र बंद पडल्यावर कारकून उरत नाही आणि दुभाषीही बोलावता येत नाही. आज शाळा, पतपेढ्या, ग्रंथालये दर काही वर्षांनी यंत्रे बदलतात. तबकडीची नक्कल केली म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत सर्वत्र दिसते. नकलेसोबत एक साधा कागद असावा. कोणता क्रमांक कोणाचा, रकान्यांचा क्रम कोणता, दिवस कोठून व कोणत्या परिमाणात मोजले, आकडे कोणत्या बाजूने वाचावयाचे, एवढे त्यावर लिहिलेले असावे. पासवर्ड मात्र त्यावर असू नयेत. तासाभराचे हे काम आहे. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे आजोबा-पणजोबांची एक ओळ वाचून घेण्यासाठी अजूनही वाचणारा शोधत आहेत. जो नोंद करतो, त्याने ती वाचण्याची रीतही मागे ठेवली, तर पुढच्या पिढीला अशी वणवण करावी लागणार नाही.