व्याधाचा न दिसणारा सोबती



शेतीची लाईट रात्रीची असली की आम्ही कांद्याला पाणी भरायला जातो. हातात बॅटरी, मनात बिबट्याची धास्ती. म्हणून एकटी कुणी जात नाही, दोघी-तिघी मिळून जातो. वाफा भरेपर्यंत वर बघायला वेळ मिळतो. आज वरच्याच एका जोडीची गोष्ट सांगतो.

मृग आपल्याला पेरणीचा म्हणून माहीत. पण जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते दिसत नाही. दिसतं थंडीत. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे शोधा. तीच रेष खाली, पूर्वेच्या बाजूला न्या. लखलखता तारा लागेल, तो व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा जन्मलेलं पोर आज तिसरीत असेल.

हा व्याधही एकटा नाही. कडेवर पोर घेतलेली बाई एका अंगाने झुकून चालते. लांबून पोर दिसलं नाही, तरी झुकण्यावरून कळतं. तसंच 1844 साली जर्मनीच्या बेसेल यांनी ओळखलं, की व्याध झुलत सरकतोय, म्हणजे त्याला कुणीतरी ओढतंय. 1862 मध्ये अमेरिकेत आल्व्हन क्लार्क नवी दुर्बीण तपासत होते, तेव्हा तो सोबती दिसला. दोघांची एकमेकांभोवती फेरी सुमारे 50 वर्षांची. सोबती पृथ्वीएवढा लहान, पण वजनाला सूर्याइतका. त्यातला चमचाभर ऐवज भरलेल्या ट्रकइतका भरेल. जळण संपलेल्या ताऱ्याचा हा उरलेला निखारा. त्याला श्वेतबटू म्हणतात.

असा तारा काही वेगळाच आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं 1910 मध्ये, दुसऱ्या एका ताऱ्याजवळ. त्याच्या उजेडाची नोंद बघून सांगितलं विल्यमिना फ्लेमिंग यांनी. गरोदरपणी नवऱ्याने सोडलेली ही बाई आधी वेधशाळेच्या प्रमुखांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करायची. पुढे त्याच वेधशाळेत त्यांनी दहा हजारांवर ताऱ्यांची वर्गवारी केली.

सोबती नुसत्या डोळ्यांनी दिसायचा नाही. व्याध मात्र दिसेल. पुढच्या पाळीला वाफा भरेपर्यंत बॅटरी जरा विझवा, वर बघा. आणि घरातल्या पोरींना अंगणात आणून दाखवा.