खोकला आणि खिडकी

रुग्णालयातील संसर्ग कसा रोखावा याचा विचार करायला वर्ध्यात आलेल्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व सफाई कर्मचारी बंधुभगिनींनो,

स्वागताध्यक्षाने पाहुण्यांना गावाची थोरवी ऐकवावी, अशी रीत आहे. मी मात्र या जिल्ह्यातला एक अडचणीचा आकडा सांगतो. माझ्या मते थोरवी त्यातच आहे. २००४ साली सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचारी व विद्यार्थ्यांची क्षयाच्या संसर्गासाठी तपासणी झाली. एक चाचणी जुनी, हातावर टोचण्याची; दुसरी रक्ताची. दोहोंपैकी निदान एका चाचणीत ३६० जण, म्हणजे निम्मे, बाधित निघाले. तपासलेल्यांचे मध्यक वय होते अवघे २२. बाधित म्हणजे आजारी नव्हे. अशा शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी रोग होतो. पण झाला, की तो फुप्फुसावरच थांबेल याची हमी नसते. छातीत पाणी होते, मणका पोखरला जातो, मेंदूच्या आवरणापर्यंत क्षय पोचतो. बहुतेक संस्थांनी असा अहवाल कपाटात ठेवला असता. सेवाग्रामचा तो २००५ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: क्षय आपल्याकडे घरात, बसमध्ये, बाजारात सगळीकडेच आहे, मग दोष रुग्णालयाला का? आक्षेप निराधार नाही. त्याच अभ्यासात वाढत्या वयाबरोबर बाधितांचे प्रमाण वाढलेले दिसले. पण त्याबरोबरच या व्यवसायात घालवलेल्या वर्षांप्रमाणेही ते वाढले होते. रुग्णालयाचा वाटा नेमका किती यावर वाद घालता येईल. तो शून्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही. शिवाय रुग्णालयात संसर्ग पसरवतो तो बहुधा क्षय वॉर्डातला, नियमित औषध घेणारा रुग्ण नव्हे. योग्य औषधे सुरू झाली की त्याची संसर्गक्षमता झपाट्याने उतरते. धोका असतो तो न्यूमोनिया म्हणून जनरल वॉर्डात भरती झालेल्या, थुंकी अजून तपासायलाच न गेलेल्या माणसाचा. त्याच्या शेजारच्या खाटेवर मधुमेही असतो, खाटेखाली चटई टाकून कुणाची तरी आई निजलेली असते. म्हणून प्रतिबंधाची सुरुवात वॉर्डात नव्हे, केसपेपरच्या खिडकीशी व्हायला हवी. "खोकला किती दिवसांचा?" एवढे तिथे विचारायचे, दोन आठवड्यांवर असेल तर मास्क द्यायचा, रांगेत पुढे घ्यायचे आणि थुंकी लगेच पाठवायची.

वॉर्डातली हवा खेळती ठेवायला पैसा कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर उघड्या खिडकीत आहे. पेरूच्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत मोजमाप झाले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघड्या असताना खोलीतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. बंद असताना जेमतेम दीडदा. यंत्राने वायुवीजन केलेल्या धोक्याच्या खोल्यांसाठी शिफारस आहे १२ वेळांची. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. आपण मात्र जुने वॉर्ड पाडून त्या जागी ठेंगण्या छताच्या, एसीच्या खोल्या बांधतो आणि त्याला आधुनिकीकरण म्हणतो!

"लिमाचे ठीक आहे, वर्ध्याच्या मे महिन्यात खिडकी उघडून दाखवा," असे कुणी म्हणेल. म्हणावेच. पण विदर्भाकडे याचे उत्तर आहे, ते म्हणजे कूलर. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा गार करून फिरवत राहतो. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून आत ढकलतो. मात्र समोरची खिडकी उघडी असेल तरच आतली हवा बाहेर जाते, आणि गारवा टिकावा म्हणून आपण नेमकी तीच लावून घेतो. टाकीतले पाणी आठवड्याला उपसले नाही तर डेंग्यूचे डास होतात, हेही खरेच. पण ते काम एका बादलीचे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे त्याला वाळीत टाकणे नव्हे का? कुष्ठरोग्यांना गावाबाहेर हाकलणाऱ्या समाजात हा प्रश्न उठणारच. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली ती त्याच पार्श्वभूमीवर. सेवाग्राम आश्रमात आलेल्या कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींसाठी वेगळी कुटी बांधली गेली, पण ती गांधीजींच्या कुटीजवळच होती आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. खोली वेगळी असली म्हणून सेवा आखडावी लागत नाही. आपल्या विलगीकरण कक्षांत नेमके उलटे घडते: जेवणाचे ताट दाराशी ठेवले जाते, आणि आत हवा मात्र कोंडलेलीच असते.

या परिषदेने एक ठराव केला तरी पुष्कळ होईल: प्रत्येक रुग्णालयाने आपल्या कर्मचाऱ्यांतले क्षयाचे नवे रुग्ण दरवर्षी मोजावेत आणि तो आकडा जाहीर करावा, त्यात कंत्राटी सफाई कामगारही धरावेत. बदनामीची भीती मी समजू शकतो. पण सेवाग्रामने निम्म्यांचा आकडा जगापुढे ठेवला, म्हणून तिथली रुग्णांची रांग काही आटली नाही.