बाहुली कुणाच्या हातात?

(बालवाडी-ताई आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळच्या सत्रात आपण कायद्याबद्दल बोललो. आता दुपारी खेळण्यांबद्दल बोलायचं आहे. जेवणानंतर जड नको म्हणून हा विषय ठेवला असेल, असं कुणाला वाटेल. पण तो वाटतो तेवढा हलका नाही. मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते.

एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच कामाला लागले होते. एका वस्तीतल्या बालवाडीची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलींच्या हातात बाहुली नि भातुकली, मुलांच्या हातात गाडी नि बंदूक, आणि पुढचं सगळं इथूनच सुरू होतं, हे मला तेव्हा पटलेलं होतं. आजही पटतं. म्हणून एके दिवशी मी बालवाडीतल्या सगळ्या बाहुल्या गोणीत भरल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या. आठवड्याने बघते तर कोपऱ्यात चार वर्षांची एक मुलगी वरवंट्याला फडकं गुंडाळून मांडीवर थोपटत बसलेली. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "हळू बोला ना ताई, आत्ताच झोपलीय."

आमच्या मदतनीस मावशी हसून म्हणाल्या, "बाहुल्या काढल्यात. आता पाटा-वरवंटापण काढणार का?"

वरवंट्याचं बाळ त्या मुलीनं स्वतःच्या मनानं शोधलं असं मला वाटलं होतं. मग लक्षात आलं, आपल्याकडे बारशाला आपणही हेच करतो. वरवंट्याला न्हाऊ घालायचं, कुंची-टोपडं घालायचं आणि बाळाच्या आधी पाळण्यात ठेवायचं. बाळ दगडासारखं धडधाकट राहावं ही त्यामागची इच्छा. ज्या काळी निम्मी पोरं हातची जायची, त्या काळातल्या बायांची ही भीती आहे आणि तिच्यावर त्यांनीच शोधलेला हा धीर आहे. पण त्याच बारशात पाळण्याच्या दोरीला कोण हात लावणार आणि कुणी मागं उभं राहायचं, हेही ठरलेलं असतं. मावशींना मूल नव्हतं. त्या कायम मागं उभ्या राहायच्या. एकाच वस्तूत धीरही असतो आणि अपमानही असतो, हे मी तिथं पहिल्यांदा शिकले.

तेव्हापासून मी जगभरच्या बाहुल्यांबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यातल्या तीन-चार गोष्टी सांगते.

पहिली आफ्रिकेतल्या घाना देशातली, असांते लोकांची. त्यांच्यात अकुआबा नावाची लाकडी बाहुली असते. थाळीसारखं चपटं, गोल, मोठं डोकं, लांब मान आणि मानेवर वळ्या. गोष्ट अशी सांगतात, की अकुआ नावाच्या बाईला मूल होत नव्हतं. पुजाऱ्यानं सांगितलं, लाकडाचं मूल करून घे, पाठीशी बांध, खऱ्या मुलासारखं त्याचं सगळं कर. तिनं केलं. लोक हसायचे, 'बघा, अकुआचं मूल!' अकुआबा या शब्दाचा अर्थच तो. पुढं तिला मूल झालं, मुलगी झाली, आणि हसणाऱ्या बायाही तसंच करू लागल्या. आणखी एक लक्षात घ्या. या बाहुल्या बहुतेक मुलीच्याच रूपातल्या असतात. असांते समाजात वंश आईकडून मोजतात, म्हणून तिथं मुलगी हवी असते. आपल्याकडे मुलीचा गर्भ पाडू नये म्हणून 1994 साली कायदा करावा लागला. मुलगा हवा असणं हा निसर्गाचा नियम नाही, ती समाजाची व्यवस्था आहे, हे सांगायला ही एवढीशी बाहुली पुरते.

ही गोष्ट मी मावशींना मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि तिला झालंच नसतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोष्टीकडेही नाही. गोष्टीतल्या अकुआची चेष्टा थांबली ती मूल झाल्यावर, त्याआधी नाही. मावशींच्या नवऱ्यानं मुलासाठी दुसरी बायको आणली होती आणि मावशी त्याच घरात मोलकरणीसारख्या राबत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षं आम्ही एकत्र काम करत होतो आणि मी कधी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जपानची. तिथं 3 मार्चला मुलींचा सण असतो, हिनामात्सुरी. घरात पायऱ्या मांडून, लाल कापड अंथरून, वर राजा-राणीच्या आणि खाली दरबाऱ्यांच्या बाहुल्या बसवतात. मुलीला आयुष्य नि सुख लाभावं म्हणून. याचं मूळ जुन्या रिवाजात आहे. कागदाची बाहुली अंगावरून फिरवायची आणि नदीत सोडायची, म्हणजे इडापीडा तिच्याबरोबर वाहून जाते. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो तसंच. काही गावांत ही प्रथा अजून पाळतात. पण पुढं बाहुल्या भारी झाल्या, दाखवायच्या झाल्या, आणि एक समजूत चिकटली. सण झाल्यावर बाहुल्या लगेच आवरल्या नाहीत, तर मुलीचं लग्न लांबतं! बघा, मुलीच्या रक्षणासाठी निघालेली बाहुली तिच्या लग्नाची घाई करू लागली. हा प्रवास आपल्या किती सणांचा झाला आहे, ते तुम्हीच मोजा.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. 1940 च्या सुमारास केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं लहान मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळं सारखं, फक्त रंग वेगळा. काही गोऱ्या, काही तपकिरी. कृष्णवर्णीय मुलांना विचारलं, चांगली कोणती? वाईट कोणती? बहुतेकांनी गोरी चांगली ठरवली. शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी कोणती? काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाविरोधी ठरवल्या, तेव्हा या अभ्यासाचाही आधार घेतला. या कामाची सुरुवात मॅमी यांच्या एम.ए.च्या प्रबंधातून झाली होती. नाव मात्र बरीच वर्षं नवऱ्याचंच पुढं राहिलं. ही गोष्ट आपल्यातल्या कुणाला नवी वाटू नये!

आपल्या बालवाडीत देणगी म्हणून आलेल्या बाहुल्या आठवा. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या. आपल्या सावळ्या पोरी त्यांना 'छान बाई' म्हणतात. क्लार्क यांचा शेवटचा प्रश्न आपण विचारला, तर काय होईल?

बार्बीचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. ती 1959 साली बाजारात आली. 1992 साली तिचा एक बोलका प्रकार निघाला. बटण दाबलं की ती जी वाक्यं म्हणायची, त्यातलं एक होतं गणिताचा वर्ग अवघड असल्याचं. बायांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि कंपनीला ते वाक्य काढावं लागलं. 1993 साली काही खोडकर कार्यकर्त्यांनी बोलणाऱ्या बार्बीचा आवाज सैनिकाच्या बाहुल्यात आणि त्याचा आवाज बार्बीत बसवला, आणि ती खेळणी गुपचूप दुकानात परत नेऊन ठेवली. घरी डबा उघडला तर बार्बी लढाईच्या आरोळ्या मारतेय! मोर्चा न काढताही केवढा मोठा प्रश्न विचारता येतो, बघा.

शेवटची गोष्ट चिली देशाची. 11 सप्टेंबर 1973 ला तिथं लष्करानं सत्ता बळकावली. हजारो माणसांना पकडून नेलं. कित्येकांचा पत्ताच लागला नाही. सांतियागो शहरातल्या बाया पोलिसठाणी, तुरुंग, शवागारं पालथी घालत होत्या. तिथंच त्यांची एकमेकींशी ओळख झाली. चर्चच्या आसऱ्यानं त्या जमू लागल्या आणि गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. या चित्रांना आर्पियेरा म्हणतात, म्हणजे गोणपाटच. मागं डोंगर, वर सूर्य आणि पुढं कापसानं भरलेल्या बोटाएवढ्या बाहुल्या. कधी त्यांचे कपडे बेपत्ता माणसाच्याच शर्टाच्या तुकड्याचे असत. लांबून बघावं तर गोड चित्र. जवळ जावं तर पोलीस माणसाला ओढून नेतायत, बाया सामुदायिक चुलीवर रांधतायत, फलकावर शिवलंय, 'ते कुठे आहेत?' ही चित्रं परदेशात गेली, विकली गेली, त्यावर घरं चालली, आणि जगाला चिलीत काय चाललंय ते कळलं. बायांचं शिवणकाम म्हणजे निरुपद्रवी, असं सत्तेला आधी वाटलं होतं. आपण गोधडी शिवणाऱ्या बाया आहोत. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

तर मैत्रिणींनो, मी माळ्यावरची गोण खाली काढली. पण तेवढ्यावर थांबले नाही. वस्तीतल्या बायांना बोलावलं, आपापल्या जुन्या लुगड्यांच्या, ओढण्यांच्या चिंध्या आणायला सांगितल्या आणि बाहुल्या शिवल्या. काळ्या, सावळ्या, जाड, म्हाताऱ्या. एक कुबडीवाली. एक कंडक्टरबाई. त्या मुलांच्याही हातात दिल्या. पहिल्या दिवशी एका बापानं आक्षेप घेतला, "पोरगा बायल्या होईल." मावशी म्हणाल्या, "पोराला पोर सांभाळता आलं, तर वाईट काय झालं?" स्वतः मावशींनी शिवलेली बाहुली एकटीच होती. कडेवर मूल नाही, कपाळाला कुंकू नाही, हातात पिशवी. मी विचारलं, ही कोण? म्हणाल्या, "कामाला निघालीय." त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांनी पोटगीचा अर्ज केला आणि वेगळी खोली घेतली. बाहुलीमुळे केला असं मी म्हणणार नाही. पण बोलायला सुरुवात तिथं झाली.

म्हणून वस्तू फेकून देण्याआधी आणि डोक्यावर घेण्याआधीही तिला चार प्रश्न विचारा. ती कुणी केली? तिच्यात कुणाची भीती, कुणाची इच्छा आहे? ती कुणाला जवळ घेते आणि कुणाला मागं उभं करते? आणि मावशींचा प्रश्न, 'झालंच नसतं तर?'

आता गटात बसू या. पिशव्यांत चिंध्या आहेत, सुया-दोरा आहे. तासाभरानं भेटू.