आई आणि आजी : एक स्मरण
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोसाड येथे केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आई आणि आजी यांच्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही पेशाने शिक्षक. वर्गात बोलण्याची सवय आहे, सभेत नाही. तेव्हा काही उणे वाटल्यास आपण सांभाळून घ्यालच.

आज येथे जमलेल्यांपैकी पुष्कळ घरे मूळची खानदेशची. तापी भुसावळावरून वाहत सुरतेस येते आणि तिच्याच खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने आपले वाडवडील पोटासाठी इकडे आले. कोणी मागावर लागले, कोणी हातगाडी धरली. म्हणून आईचा विषय निघताच आम्हांस खानदेशच्याच एका आईचे स्मरण होते. ती आई म्हणजे बहिणाबाई चौधरी.

त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी एक मुलगी व दोन मुलगे. त्यांतील ओंकार या मुलास प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. एवढे सोसूनही या माउलीने शेत सोडले नाही, जाते सोडले नाही आणि गाणेही सोडले नाही. लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, निंदताना, पाणी भरताना जे मनात येई ते त्या घरच्याच बोलीत गाऊन मोकळ्या होत.

त्यांचे धाकटे चिरंजीव सोपानदेव पुढे नामांकित कवी झाले. त्यांच्या शाळकरी वयातील एक गोष्ट सांगतात. सोपानदेवांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्याच कथेचे गाणे रचून ऐकवले. मुलगा चकित झाला आणि त्याने ते वहीत उतरवून घेतले. पुढे सोपानदेव आणि त्यांचे आप्त पितांबर चौधरी यांनी अशी कितीतरी गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघाले. याच अत्र्यांनी पुढल्या वर्षी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींनीही आपल्या खानदेशात, अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवले होते. ज्या बाईस अक्षर ओळख नव्हती, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले.

आम्ही शिक्षक असल्याने या कथेतील एका गोष्टीकडे आमचे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. मुलाने शाळेचे पुस्तक घरी आणून आईपुढे वाचले, आईने त्यास आपल्या बोलीत उत्तर दिले आणि मुलाने ते उत्तर वहीत लिहिले. शाळेतील विद्या आणि घरातील शहाणपण यांची अशी गाठ पडली म्हणूनच ते धन आपल्यापर्यंत आले. जी गाणी वहीत आली नाहीत, ती जात्यापाशीच विरून गेली. आपल्या आया-आज्यांच्या ओठांवरचे असे किती धन गेले असेल, त्याचा हिशेब कोण सांगणार?

आमची अम्मा गेल्या वर्षी पैगंबरवासी झाली. तिचे नाव पुस्तकात यावे असे तिने काही केले नाही. पाच लेकरे वाढवली, मागावरून रात्रपाळी करून येणाऱ्या अब्बांसाठी पहाटे कळण्याची भाकरी थापली आणि २००६ सालच्या ऑगस्टात तापीचा महापूर घरात शिरला तेव्हा आधी शेजारणीची मुले माळ्यावर चढवली, मग आम्हां भावंडांची पुस्तके. कोसाडला राहावयास आल्यावर शेजारपाजारच्या हळदीला तिला हटकून बोलावणे येई, कारण जुनी गाणी तिलाच पाठ. त्या गाण्यांत आमच्या घरची उर्दू आणि गावाकडची अहिराणी अशा मिसळल्या होत्या की कोणती ओळ कोणाची, हे तिलाही सांगता येत नसे.

अखेरच्या आजारात तिच्या उशाशी तिची नात बसे. ही मुलगी गुजराती शाळेत शिकते. तिला मराठी समजते, पण लिहिता येत नाही. तिने दादीची गाणी गुजराती अक्षरांत उतरवून घेतली. बोली खानदेशची, लिपी गुजरातेतील. प्रथम पाहताना आम्हांस हसू आले. परंतु वाचून पाहिले तो अम्माचा एकेक शब्द जागच्या जागी होता! अशी सत्तावीस गाणी आज आमच्या घरी आहेत. सोपानदेवांनी जे केले तेच या पोरीने केले, तेही कोणी न सांगता.

मात्र आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आईच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे असते. बहिणाबाई न शिकता थोर झाल्या, म्हणून बाईमाणसास शिक्षणाची काय गरज, असा अर्थ कोणी काढील तर तो त्या माउलीवर अन्याय होईल. त्यांना लिहिता येते, तर त्यांचे गाणे दुसऱ्याच्या वहीची वाट पाहत राहिले नसते. आमची अम्मा रेशनच्या दुकानात अंगठा उठवताना मान खाली घाली. ती खाली गेलेली मान आम्ही विसरू शकत नाही. आपल्या वस्तीत आजही सातवी-आठवीनंतर मुलीस टिक्की लावण्याच्या किंवा धागे कापण्याच्या कामास बसवतात. घरची ओढ आम्ही जाणतो. परंतु ती दर वेळी मुलीच्याच शाळेवर का यावी?

म्हणून विश्वस्त मंडळींस आमच्या दोन नम्र विनंत्या आहेत. पहिली, शिष्यवृत्ती देताना विधवा मातेच्या मुलीचा अर्ज सर्वांत आधी पाहावा. दुसरी, येत्या सुट्टीत प्रत्येक घरी एक कोरी वही द्यावी आणि मुलांनी आजीची गाणी, म्हणी, औषधे, गावाच्या आठवणी तीत लिहाव्यात. लिपी कोणतीही चालेल. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत, याची हमी आम्ही शिक्षक या नात्याने देतो. वह्या जमल्या की त्या तपासून नीट लावण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

ज्यांच्या घरी आज आई किंवा आजी आहे, ते भाग्यवान होत. त्यांनी आज रात्रीच तिच्याजवळ बसावे आणि विचारावे.